मी केडगावला होते

आधीच सांगते, असले अनुभव वाचून हसणाऱ्यांतली मी आहे. इथं कुणी लिहिलं की घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली, की मी मनात म्हणते, असेल बिचारी, एसटी चुकली असेल तिची. आमच्या घरात करणी, बाहेरचं, अमावास्या हा विषयच नाही. आम्ही चर्चला जाणारी माणसं. भीती वाटली तर प्रार्थना करायची आणि मग उठून बघायचं, की मांजर आहे का नळ गळतोय. त्यातून मी अर्धं आयुष्य शाळेत पीटी शिकवली. पोरांना शिट्टीवर उन्हात पळवणाऱ्या बाईला कसली भुतं दिसणार... मलाच बघून पळतील.

तरीही लिहितेय, कारण घरात हा विषय काढला की आमचे मिस्टर टीव्हीचा आवाज वाढवतात. कुणाला तरी सांगायचं आहे. माणसांची नावं बदलली आहेत. जागा मात्र आहे तशी सांगते, कारण जागा नीट कळली नाही तर यातलं काहीच कळणार नाही.

शाळा लवकर सोडल्यावर मी एका छोट्या संस्थेबरोबर काम सुरू केलं. हॉटेलं, लॉज, होमस्टे, तंबूंचे कॅम्प, यांच्या स्टाफला आपत्तीची तयारी शिकवायची. पूर आला, दरड आली, आग लागली तर पाहुण्यांना कुठून बाहेर काढायचं, गॅस कुणी बंद करायचा, कुठं जमायचं. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात मी तोंड उघडलं की मालक मोबाईल बघायला लागतो. "मॅडम, गेस्टसमोर पूरबीर म्हणू नका हं, बुकिंग कॅन्सल होतात." एका शहाण्यानं तर मला विचारलं की जरा हळू वाजणारा सायरन मिळतो का, म्हणजे कुणाची झोपमोड होणार नाही. मी म्हटलं, मिळतो ना, त्याला अंगाई म्हणतात.

विलास तसा नव्हता. म्हणजे मला तसं वाटायचं.

विलास आणि मी अकोले तालुक्यातल्या एका शाळेत बरोबर होतो, तो तिथं तात्पुरत्या जागेवर होता. त्याला बहीण नाही, मला भाऊ नाही. आमच्यात राखीची पद्धत नाही, पण ह्याला मी बांधायची. नाताळच्या करंज्या तो आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून खायचा, आणि माझी जाऊ मेरी त्याला म्हणायची, "अरे, बशी तरी घे." पुढे त्यानं शाळा सोडली आणि कॅम्प काढला, तेव्हा सगळ्यात आधी मला फोन केला. "ताई, तुम्ही जिथं म्हणाल तिथंच तंबू लावीन." इतकं बरं वाटलं होतं. कुणीतरी आपलं ऐकणारं भेटलं म्हणून.

आता जागा सांगते. भंडारदऱ्याच्या धरणामागं, शेंडीकडून घाटघरला जातो तो रस्ता. रस्त्याला लागून विलासचं छोटं हॉटेल, जेवणाची शेड, पार्किंग. तिथून खाली उतार. उताराच्या मध्यावर एक पायरीसारखी सपाट जागा, तिथं मी तंबू लावायला सांगितले. आणि अगदी खाली ओढा. ओढ्याच्या काठानं हिरवळीची लांब पट्टी आहे. फोटोला एकदम झकास. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, तंबू तिकडे का नाही? तिकडे नाही, कारण तो ओढा दिसतो तसा नाही. वर डोंगरात धो धो पडतं तेव्हा खाली नुसती भुरभुर असते. माणूस चहा पीत बसलेला असतो आणि पाणी मागून येतं.

म्हणून मी रेघ आखली. कॅम्पवरचा आचारी नामदेव आणि त्याची बायको हौसाबाई, आम्ही तिघांनी मिळून नारळाएवढे दगड गोळा केले, पिवळा ऑइलपेंट दिला आणि मधल्या पायरीच्या कडेनं ओळीत बसवले. पिवळ्या दगडांच्या खाली तंबू नाही, खुर्ची नाही, शेकोटी नाही. विलासनं त्याचा फोटो काढून जाहिरातीत टाकला, 'आमच्या ताईंनी आखलेली सेफ्टी लाइन'. मी तो चार जणांना दाखवला. कौतुक कुणाला नको असतं...

बाहेर काढायची माझी एक पद्धत होती. शहाणी माणसं संकटात शेळ्यांसारखी वाट फुटेल तिकडे पळतात, हे मला शाळेपासून माहीत. म्हणून मी आगगाडी करायला लावायची. प्रत्येकानं हात पुढच्याच्या खांद्यावर ठेवायचा, पोरं मध्ये, आणि शिट्टीवर चालायचं. मोठमोठे साहेब लाजायचे, पण करायचे. गाडीच्या शेवटी कॅम्पचा एक माणूस. तो गार्ड. कुणी मागं राहिलं नाही ना, हे बघायचं काम त्याचं. गार्ड सगळ्यांच्या शेवटी निघतो. नामदेव आमचा गार्ड होता. त्याला ते पद इतकं आवडलं होतं की जेवण वाढतानासुद्धा म्हणायचा, "गार्डसाहेबाच्या हातची भाकर हाय, सावकाश खा."

आणि वॉकीटॉकी. मोबाईलला तिथं रेंज नाही, म्हणून मी विलासच्या मागं लागून दोन सेट घ्यायला लावले. एक वर हॉटेलात त्याच्याकडे, एक खाली नामदेवच्या कमरेला. वर रस्त्यावरून ओढ्याचा वरचा भाग दिसतो. पाणी गढूळ दिसलं की वरून सांगायचं, खाली हलायचं. एवढंच त्या सेटचं काम.

आता तो दिवस. माझ्या पुतण्याचा साखरपुडा होता, केडगावला, कॅम्पपासून चार तासांच्या वाटेवर. आषाढ होता, पण आमच्याकडे त्याचं काही नसतं, उलट हॉल सहज मिळतो. सकाळपासून मी तिथंच. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, अंगठ्या झाल्या, जेवणं झाली. व्हिडिओवाला सारखा माझ्याच तोंडासमोर यायचा, मी त्याला एकदा रागावलेसुद्धा. जेवणानंतर माझं डोकं जड झालं. असं कधी होत नाही मला. मेरीला सांगून मी हॉलच्या मागच्या खोलीत जरा आडवी झाले. झोप लागली का नाही, आठवत नाही. कपाळावर घाम आला होता आणि पोटऱ्या दुखत होत्या, एवढं आठवतं. मेरी चहाला बोलवायला आली, मी "आले" म्हणायला गेले तर आवाजच फुटेना. घसा पार बसलेला.

मेरी म्हणाली, "अगं, गाणी आम्ही म्हटली आणि घसा तुझा बसला?"

मी खुणेनं सांगितलं, गार पाणी प्यायले असेन. मिठाच्या गुळण्या केल्या आणि विसरले.

दिवेलागणीला विलासचा फोन आला. त्याचा आवाज कापत होता. "ताई, पोचलात का घरी?" मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, घरीच आहे, का रे? तर म्हणाला, "न सांगता आलात, न सांगता गेलात. ताई, तुम्ही नसता तर आज माझ्या कॅम्पवर मढी मोजावी लागली असती." मला वाटलं, ह्यानं घेतली आहे. मग हळूहळू कळलं. दुपारी ओढा आला होता. तंबू वाहून गेले. पाहुणे सगळे वाचले, कारण मरून रंगाचा रेनकोट घातलेल्या, गळ्यात शिट्टी असलेल्या एका बाईनं हातातल्या भोंग्यावर ओरडून त्यांना उठवलं आणि रांगेत वर आणलं. शेडमध्ये ट्रेनिंगच्या दिवसाचा माझा फोटो लावलेला आहे. सगळ्यांनी त्या फोटोवर बोट ठेवलं.

आणि नामदेव सापडत नव्हता.

मी विलासला सांगितलं, अरे, मी केडगावला होते. सकाळपासून. तो म्हणाला, "बरं ताई, तुम्ही म्हणाल तसं." मला वाटलं, धक्का बसलाय बिचाऱ्याला. तो तेव्हापासूनच विचार करायला लागला असणार, हे मला नंतर कळलं.

रात्री मी कपाट उघडून बघितलं. माझा मरून रेनकोट कोरडा ठणठणीत. भोंगा त्याच्या खोक्यात, सेल काढलेला, मी ठेवला होता तसा. रेनकोट ओला सापडला असता तर निदान काहीतरी हाताला लागलं असतं. शिट्टी मात्र उशीखाली होती. ती मीच कधीतरी ठेवली असेल, मी काही त्याचा बाऊ करत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि मिस्टर गेलो. नामदेव सकाळीच सापडला होता, धरणाच्या पाण्यात. हौसाबाईच्या घरासमोर माणसं बसली होती. त्या दिवशी ती कॅम्पवर नव्हती, आवणी चालली होती म्हणून भातखाचरात होती. मला बघून ती उठली आणि माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "बाई, लोक कायबी बोलत्यात. म्हनत्यात, बाई हुत्या. तुमी असत्या तर ह्यांला मागं सोडलंच नसतं. मला म्हाईत हाय."

मी म्हटलं, "मी नव्हते गं. देवाशपथ नव्हते."

"तेच म्हनते म्या." असं म्हणून ती मला धरून रडली.

मग मी खाली कॅम्पवर गेले. आणि बघते तर मधली पायरी रिकामी. तिथं गवत वाढलेलं, तंबूच्या खुंट्यांची एक खूणसुद्धा नाही. माझे पिवळे दगड? ते पार खाली, ओढ्याच्या काठाला. अर्धे वाहून गेलेले, अर्धे चिखलात रुतलेले, पण ओळ कळत होती. कुणीतरी माझी रेघ उचलून ओढ्याला नेऊन लावली होती, आणि तंबू तिच्या आत, अगदी नियमात.  मी तिथं चिखलातच बसले.

संध्याकाळी हौसाबाईनं सांगितलं, "आमीच उचलली ती धोंडी. मालक म्हनलं, बाईंनीच सांगितलंय, रेघ खाली घ्या. तुमचं नाव सांगितल्यावर आमी कशाला इचारतोय."

माझं नाव घेऊन. मी ज्याला ओट्यावर बसवून करंज्या खाऊ घातल्या त्यानं माझं नाव वापरून, माझे दगड माझ्याच माणसांकडून हलवले. बाहेरच्या कुणी केलं असतं तर मी त्याची आयमाय काढली असती आणि मोकळी झाले असते. इथं तेही जमेना.

हौसाबाईच्या घरीच प्रीती भेटली. नाशिकची, लहान मुलीला घेऊन आली होती कॅम्पवर. शेंडीत थांबून राहिली होती, नामदेवच्या घरी भेटायला म्हणून. मला बघून तिनं सरळ पाय धरले. तिचा नवरा म्हणाला, मॅडम, काल नीट आभार मानता आले नाहीत. मी काही बोलणार इतक्यात प्रीतीच सांगत सुटली. जेवून सगळे तंबूत पडले होते, बाहेर भुरभुर होती. भोंग्यावर आवाज आला, "झोपायचं नंतर. उठा. चपला असू देत. हात पुढच्याच्या खांद्यावर. आगगाडी करा."

'चपला असू देत.' मी हे प्रत्येक ड्रिलला म्हणते, कारण आपली माणसं जीव सोडून चपला शोधतात. पण त्या पाहुण्यांबरोबर कधी ड्रिलच झालं नव्हतं. विलासनं ते केव्हाच बंद केलं होतं. गेस्टला कंटाळा येतो म्हणे.

प्रीती म्हणाली, "तो आचारी तुमचा आवाज ऐकून धावत आला आणि आपणहून सगळ्यांच्या मागं जाऊन उभा राहिला. आम्ही अर्ध्या उतारावर होतो. त्याच्या कमरेचं यंत्र बोललं. खरखर इतकी होती की शब्द कळले नाहीत. तो 'जी मालक' म्हणाला आणि मागं फिरला. तुम्ही पुढं होता, तुम्हाला दिसलं नसेल." वर पोचल्यावर सगळ्यांनी वळून बघितलं तेव्हा खाली तंबू नव्हते, नुसतं लाल पाणी. आणि मॅडमही नव्हत्या.

मी तिला खरं सांगितलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिची थट्टा करतेय.

पुढं चौकशी लागली, तालुक्याच्या कचेरीत, अकोल्याला. एक माणूस गेला होता, लागणारच. विलासचं म्हणणं मला आधीच कानावर आलं. तंबू ताईंच्या रेघेत होते. ताई स्वतः हजर होत्या, सगळे पाहुणे सांगतात. सेटवरून मी काही बोललोच नाही, खाली सगळं ताईंच्या हातात होतं. नामदेव मागं का फिरला, ते ताईंनाच विचारा.

मी त्याला फोन केला. शिव्या द्यायला केला होता, पण तोच इतक्या मऊ आवाजात बोलला की मला शिवी आठवेना.

"ताई, शांतपणे ऐका. तुमच्याकडे साखरपुड्याचा व्हिडिओ असेलच. तो दाखवा साहेबांना. तुम्ही सुटलात."

"आणि तू?"

"तुम्ही केडगावला होतात हे ठरलं की ही सगळी माणसं भ्रमात होती हेही ठरलं. नसलेली बाई ज्यांना दिसते त्यांना सेटवरचं बोलणंही ऐकू येणारच. मग त्यांना कोण विचारतंय? मीही सुटलो. हौसाबाईचं मी बघतो, तिला वाऱ्यावर सोडणार नाही. आणि व्हिडिओ नाही दाखवलात, तर मग मला सगळं तुमच्यावरच ढकलावं लागेल. मला दुसरा रस्ता नाही."

मी म्हटलं, "राखी बांधलीय रे मी तुला."

"म्हणून तर आधी सांगतोय," तो म्हणाला.

तेव्हा मला समजलं की हा माणूस माझ्यासाठी मेला. खरं सांगावं तर तो सुटतो. न सांगावं तर मी अडकते. मिस्टर म्हणाले, यात विचार कसला करायचा, व्हिडिओ द्यायचा आणि घरी यायचं. मेरीनं तर व्हिडिओवाल्याकडून त्याचा तुकडा काढून माझ्या मोबाईलवर पाठवलासुद्धा. त्यात मी आहे. अगदी स्वच्छ दिसते, निळी पैठणी, व्हिडिओवाल्यावर डोळे वटारलेली.

चौकशीला मी तो मोबाईल पर्समध्ये घेऊन गेले. व्हिडिओ द्यायचा, हेच ठरवून गेले होते, खोटं कशाला बोलू. खोलीत साहेब, लिहून घेणारा एक क्लार्क, विलास, प्रीती आणि तिच्याबरोबरचे दोघंतिघं. भिंतीला टेकून खाली हौसाबाई. मला बघून तिनं थोडी मान हलवली, बाई आल्या म्हणून. प्रीतीचा जबाब झाला. विलास मध्येच हसून म्हणाला, "यांनी शब्द ऐकलेच नाहीत साहेब, नुसती खरखर." आणि मग त्यानं माझ्याकडे बघितलं, जसा तो करंजी मागताना बघायचा.

साहेबांनी विचारलं, "मॅडम, त्या दुपारी तुम्ही तिथं होतात का?"

मी तोंड उघडलं ते 'नव्हते' म्हणायला.

"होते," मी म्हटलं.

पुढचं मी कसं सांगू... मी ठरवून बोलत नव्हते, पण थांबवतही नव्हते, हे कबूल. म्हटलं, ती रेघ मी आखली ती मधल्या पायरीवर, ओढ्याला ती विलासनं हलवली. पण मी तिथं होते. सेट बोलला तो मी ऐकला. साहेब म्हणाले, काय ऐकलंत? आणि मी ते म्हटलं. त्याच्याच लकबीत म्हटलं. "नाम्या, स्पीकर राहिले ना खाली. मेव्हण्याचे आहेत, सोनईला परत द्यायचेत. भिजले तर तो माझी इज्जत काढील. पळ, घेऊन ये."

मला कसले स्पीकर माहीत नव्हते. विलासच्या मेव्हण्याचा सोनईला मंडप-लाइटचा धंदा आहे एवढं ऐकून होते, बस. तिथं कुणीच, प्रीतीनं नाही, हौसाबाईनं नाही, स्पीकरचा शब्द काढलेला नव्हता.

विलास उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. क्लार्क लिहायचा थांबला होता, त्याला साहेब म्हणाले, "हे पण घ्या लिहून." तेव्हा कुठं विलासच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

त्याचं पुढं जे व्हायचं ते होतंय, मी त्यात पडत नाही. माझं म्हणाल तर संस्थेनं मला काम थांबवायला सांगितलं, नीट, प्रेमानं सांगितलं. आपण हजर असताना तंबू ओढ्याकाठी होते, हे मीच लिहून दिल्यावर ते तरी काय करणार. आता मला कुठलं हॉटेल दारात उभं करणार नाही. मिस्टर म्हणतात, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी बाई सरळ सरळ खोटं बोलली. मेरी काही म्हणत नाही. एकदा फक्त म्हणाली, "तुझा घसा बसला होता त्या दिवशी... मी विसरले नाहीये." मी खोटं बोलले का, मला अजून सांगता येत नाही. पाळकसाहेबांना विचारायला दोनदा गेले आणि दुसरंच बोलून परत आले.

पण मला लिहायचं होतं ते हे नाही. त्या दिवशी मी खोलीबाहेर आले तेव्हा हौसाबाई फाटकाशी उभी होती. मला वाटलं, हात धरील. नामदेवला मागं कुणी पाठवलं ते आज कागदावर आलं होतं.

तिनं विचारलं, "बाई, तुमी हुता तितं?"

 आत सगळ्यांसमोर सांगून आले होते. तिच्यासमोर ते फिरवलं असतं तर विलास सुटला असता. मी मान हलवली.

"देवाशपथ न्हवते म्हनला हुता."

मी पुन्हा मान हलवली.

"बरं, हुता. समद्यांला हाका मारल्या. नाशकाच्या पोरीला, तिच्या बापाला, समद्यांला. मंग ह्यांलाच का न्हाई मारली?"

आज इतके महिने झाले. मी केडगावला पडलेली असताना तिथं कोण ओरडत होतं, मला माहीत नाही. माझे शब्द तिच्या तोंडात कसे, स्पीकरचं मला कसं कळलं, घसा कशानं बसला, कशाचाच उलगडा नाही. डॉक्टर झाले, प्रार्थना झाली, मेरीच्या ओळखीतल्या एका मानसोपचारवाल्या बाई झाल्या. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी हसणार नाही आता. या सगळ्यात एकाच प्रश्नाचं उत्तर मला पक्कं माहीत होतं, आणि तिनं नेमका तोच विचारला. जे कुणी तिथं होतं त्यानं अगदी मी शिकवते तसं केलं होतं. शब्दाला शब्द.

"गार्डला हाक मारत नाहीत, हौसाबाई," मी म्हटलं. "तो आपणहून येतो, सगळ्यांच्या शेवटी."

"आसं कुनी ठरवलं?"

"मी."

 तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला आणि राजूरच्या जीपकडे निघून गेली. त्यानंतर ती माझा फोन उचलत नाही.